सोनं मोडण्याचा मुहूर्त

एकदा एक सत्तरीचा शिष्य काखेत पंचांग मारून आपल्या नव्वदीच्या गुरूंकडे गेला. हा मूळचा कापडाचा व्यापारी. आठ वर्षांपूर्वी दुकान विकून निवृत्त झाला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी गुरूंच्या पायाशी बसू लागला.

"गुरुजी, सोनं घ्यायला ढीगभर मुहूर्त आहेत," तो म्हणाला. "पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, गुरुपुष्य. मोडायला मात्र एक सापडत नाही."

त्याची अडचण खरी होती. म्हातारपणाच्या पुंजीत रुपयाला चार आणे, म्हणजे पाव हिस्सा, सोनं ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण भाव चढत गेला, त्यात हा पठ्ठ्या एकही गुरुपुष्य चुकवीना. आता सोनं निम्म्याहून वर, दहा आण्यांवर गेलं होतं आणि बँकेतल्या ठेवी रोडावल्या होत्या. मोडावं तर उद्या भाव चढेल, न मोडावं तर पडेल, या घोळात बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया वर्षभर लांबली. कालच ती म्हणाली होती, "तुमचं सोनं चढतंय, आणि मला जिना चढवत नाही." ते त्याला फार लागलं होतं.

गुरूंनी पंचांग बाजूला ठेवलं, त्याच्या हाती कोयता दिला आणि परसातल्या शेवग्याकडे बोट केलं. झाड कौलांच्या वर गेलं होतं, शेंड्याला फुलं लागली होती. शेजारच्या भिंतीवर पुरुषभर उंचीला गेरूची एक रेघ होती.

"रेघेच्या वरचं सगळं तोड."

"इतकं बहरलेलं? गुरुजी, वाळलेलं असतं तर गोष्ट वेगळी!"

"तोड."

शिष्याने जड हाताने घाव घातले. फुलांसकट फांद्या खाली आल्या तेव्हा त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. गुरूंनी त्यातली मनगटाएवढी फांदी उचलून कुंपणापाशी खड्ड्यात रोवायला सांगितली, आणि मग ते पायरीवर टेकले.

"शेवग्याचं लाकूड ठिसूळ. वाढू दिला तर वाऱ्यात मोडतो आणि कौलं घेऊन खाली येतो. म्हणून रोप वीतभर होतं तेव्हाच मी ती रेघ ओढली. त्या दिवशी मला त्याचा लोभ नव्हता आणि भीतीही नव्हती. आज विचारलंस तर माझाही हात उठणार नाही, म्हणून मी झाडाकडे बघतच नाही, रेघेकडे बघतो. तू काही रेघ ओढली होतीस का?"

"दुकान विकलं त्या दिवशी," शिष्य ओशाळून म्हणाला. "सहा आण्यांच्या वर गेलं तर मोडून पुन्हा चारावर आणायचं, असं वहीत लिहिलंय."

"म्हणजे मुहूर्त तूच काढून ठेवलायस, आणि शोधतोयस पंचांगात!" गुरू हसले. "अरे, तुला तो 'मोडणं' शब्द भिववतो. आपण देवापुढे नारळ फोडतो का? वाढवतो. एकाचे दोन होतात, चार हातांत जातात. ती रोवलेली फांदी बघ. पावसाळ्यापर्यंत तिला पालवी फुटेल."

शिष्याने त्या फांदीच्या बुडाशी तांब्याभर पाणी घातलं. मग कोयता धुऊन जागेवर ठेवून तो निघाला. वाटेत बँकेच्या लॉकरमधून सोनं काढून सराफाकडे गेला, आलेले पैसे बँकेत भरले, आणि दिवस कलायच्या आत घरी पोचला. बायको जिन्याच्या खालच्याच पायरीवर बसली होती.

"आज सोनं वाढवून आलो," तो म्हणाला.

"अजून वाढवलंत?" तिने कपाळावर हात मारला.

"नारळ वाढवतात, तसं. चार आणे ठेवलं, बाकीचं बँकेत. उद्या डॉक्टरांकडे तारीख घ्यायला जाऊ."

तिने विचारलं, "मुहूर्त सापडला वाटतं पंचांगात?"

"पंचांग?" त्याने रिकामी काख चाचपली आणि तो खळखळून हसला. "ते गुरुजींकडेच राहिलं." मग त्याने तिला हात दिला, आणि दोघं एकेक पायरी चढू लागली.