एका वर्षापुरता भला माणूस

“...पण एकच वर्ष, फादर! एका वर्षापुरता एक भला माणूस मागतोय आम्ही. यात चुकलं काय?”

लापो धापा टाकत झोपडीच्या दारात उभा होता. खाली दरीत त्याचं शहर होतं. इटलीतलं मोंतेरोव्हा, छोटंसं प्रजासत्ताक. गेल्या साली तिथल्या लोकांनी ड्यूकला हाकलून लावलं, तेव्हा चौकात सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तो लापोच, ‘आता कुणी धनी नाही!’

तेव्हापासून उमराव आणि विणकर एकमेकांच्या जिवावर उठले होते. काल पुलावर सुरे निघाले. लापोचा भाऊ नेरी, विणकरांचा पुढारी, थोडक्यात वाचला होता.

म्हाताऱ्या साधूनं शेळीपुढे पाला टाकला. याच माणसानं लापोला अक्षरओळख करून दिली होती.

“राज्यकारभाराचे प्रकार किती, रे?”

“तीन. एकाचा, थोड्यांचा, सगळ्यांचा.”

“आणि?”

“तिन्ही नासतात. एकाचा जुलूम होतो, थोड्यांची टोळी होते, सगळ्यांची झुंड. तुम्हीच शिकवलंत. पण आज धडे नकोत, फादर! शहराच्या सभेनं वर्षभराच्या सगळ्या सत्तेसाठी तुम्हाला निवडलंय.”

“मला? ही शेळीसुद्धा ऐकत नाही माझं.”

“म्हणून तर! तुम्हाला कसली हाव नाही.”

“विरोधात कोण होतं?”

“कुणीच नाही. होकाराला काळा दाणा, नकाराला पांढरा. पेटीत पांढरा एकही निघाला नाही.”

“तुझासुद्धा नाही?”

लापोनं मान खाली घातली. “...नाही.”

साधूनं हात पुढे केला. “आण.”

लापोला खरंच वाटेना. वेशीच्या किल्ल्यांचा जुडगा त्यानं घाईघाईनं त्या हातावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले.

“आता पहिला हुकूम ऐक. सभागृहाला टाळं लाव. आणि दिवस मावळायच्या आत नेरीला फाशी दे.”

लापो हसला. साधू हसला नाही.

“थट्टा पुरे, फादर.”

साधूनं दुसऱ्या हातानं खाली दरीकडे बोट दाखवलं.

“नेरीनं केलंय काय? कारण तरी सांगा!”

“किल्ल्या द्यायच्या आधी विचारलं असतंस, तर सांगावं लागलं असतं.”

लापोनं झडप घालून किल्ल्या हिसकावून घेतल्या. म्हाताऱ्यानं प्रतिकार केला नाही. शेळी पाला चघळत राहिली.

शेवटी लापो उंबऱ्यावर बसला.

“कळलं. धडाच होता हा. पण मी खाली जाऊन सांगू काय? भला माणूस नाही म्हणाला? मग ते उद्या वाईटाला बोलावतील, फादर. पुन्हा सगळे काळेच दाणे टाकतील... आणि नाही बोलावलं, तर रस्त्यात एकमेकांना भोसकतील. नेरी मरेल तो मरेलच. चौथा प्रकार नाहीच का कुठला?”

लापोनं किल्ल्या छातीशी धरल्या.

“निदान एवढं तरी सांगा. तुम्ही त्याला खरोखर फाशी दिलं नसतंत... हो ना?”

लापोनं वर पाहिलं. म्हाताऱ्याचा हात तसाच पुढे होता, उघडा, आणि म्हातारा त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसा पाहत होता.

“जा, लापो... पळ. हा हात अजून मागे येत नाहीये.”