इथला खरवस

दूध आणि चीजचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या विस्कॉन्सिनमधल्या एका गावात दर उन्हाळ्यात जत्रा भरायची. तिथल्या दुधाच्या पदार्थांच्या स्पर्धेत परीक्षक हर्मनसाहेबांचा शब्द शेवटचा. नियम एकच, पदार्थ इथला हवा.

लग्न होऊन देवरुखहून त्या गावात आलेल्या मालिनी खातूने यंदा खरवस मांडला. शेजाऱ्यांची गाय व्याली तेव्हा तिने आर्जवं करून चीक मागून आणला होता.

साहेबांनी वडी चमच्याने नुसती हलवून पाहिली. "आमचं चीज माझ्या आजीने स्वित्झर्लंडहून आणलं, ते इथं रुजलं. हे मात्र तुमच्या देशातलं आहे." आणि त्यांनी ताटलीसमोर 'बाद' लिहिलेली चिठ्ठी ठेवली.

मालिनीच्या डोळ्यांपुढे आईचं वाफाळतं पातेलं आलं.

"साहेब, हा तिथला असता तर मी इतकी वर्षं झुरले असते का? गूळ, वेलची सगळं आईच्या हिशेबाने घालते, पण तिच्या हातची चव काही येत नाही. गाय तुमची, गवत तुमचं, पाणी तुमचं. तिथल्यासारखा तो होतच नाही, मग इथलाच झाला ना?"

साहेबांनी चमचाभर खरवस तोंडात घातला आणि बराच वेळ घोळवला. मग चिठ्ठी उचलून खिशात टाकली.

"आजी चीज चाखायची आणि दर वेळी नाही म्हणून मान हलवायची," ते हळूच म्हणाले. "आम्हाला वाटायचं, बिघडलं."

"बिघडलं नव्हतं," मालिनी म्हणाली. "इथलं झालं होतं."