भिवरामायच्या शिव्या

किती वर्षं झाली ते विचारू नका. मोजणारे गेले, आणि त्यांना मोजायला शिकवणारेही गेले. झाडीपट्टीतल्या आमच्या चिचटोल्यात तेव्हा वीस-बावीस घरं होती. वर तलाव, तलाव अडवणाऱ्या मातीच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि सगळ्यात खाली दलदल: काळा चिखल, कमरेइतकं पाणी आणि आत शिरलेला माणूस दिसणार नाही एवढा उंच लव्हाळा. त्या दलदलीच्या काठावर भिवरा राहायची.

भिवरा ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरची. नवरा लवकर गेलेला, पोटी लेकरू नाही. लव्हाळा कापायचा, वाळवायचा, चटया विणायच्या आणि त्यांच्या बदल्यात घरोघरून पायलीभर धान आणायचं, एवढाच तिचा संसार. जीभ मात्र अशी तिखट, की तिच्या दारावरून जाताना बैलसुद्धा मान खाली घालायचे, असं म्हणतात. पण कारण नसताना ती कोणाला बोलली नाही. आमच्या लोकांना कारण देण्याची हौसच दांडगी, त्याला ती काय करणार?

कळलं ते आधी तिलाच. लव्हाळा आखूड होऊ लागला. चटईवर निजलेल्या माणसाचे पाय बाहेर यायला लागले. एका वर्षी बोटं, दुसऱ्या वर्षी टाचा, तिसऱ्या वर्षी घोटे. उन्हाळा होळीच्या आधीच येऊन दारात बसायचा. पाऊस चार दिवस धो धो कोसळायचा आणि मग महिनाभर तोंड लपवायचा. पण हे कोणी बोलेना. लोक म्हणाले, भिवरा लबाडी करते, लव्हाळा वाचवते.

तिनं चटई आणून चावडीसमोर आपटली.

"चटई लहान नाई झाली रे मुडद्यांनो, दलदल लहान झाली! आज पाय बाहेर आले म्हून मले विचारता, उद्या मुंडकं बाहेर येईल तवा कोनाले विचारसाल?"

लोक हसले. आपली चूल पेटत असली की हसायला काय जातं?

गावचा पाटील होता डोमाजी. पाऊस हुकल्याचं तिसरं वर्ष लागलं तशी त्याला अक्कल सुचली. तलावाला दोन दारं होती, एक बांध्यांकडे पाणी सोडणारं आणि एक दलदलीकडे. डोमाजीनं दलदलीच्या दारावर मोठी शिळा बसवली. म्हणाला, चिखलाला पाणी पाजण्यापेक्षा धानाला पाजू. शिवाय दलदल वाळली की काळीभोर जमीन फुकट मिळेल, घरटी एक बांधी वाटून देतो. सगळ्या गावानं माना डोलावल्या. सगळ्या गावानं, हे नीट ऐका. गोष्ट सांगताना एकट्या डोमाजीच्या नावानं बोटं मोडायची आपली जुनी खोड आहे. पण फुकटच्या जमिनीला नाही म्हणणारा त्या दिवशी एकही निघाला नाही.

एक भिवरा तेवढी आडवी आली.

"पाटला, ह्या चिखलात का हाये ते ठाऊक हाये का तुले? माह्या आजीच्या आजीनं कापला नाई तो लव्हाळा हाये. दरसाल मरते, पान्यात पडते, पन सडून जात नाई, तिथंच बसते. हजार वर्साचं ऊन पोटात घेऊन बसली हे दलदल. पानी तिचं झाकन. झाकन काढसाल तं सारं वर जाईल, आभाळात. मंग थेच आभाळ तुमाले भाजून खाईल."

"चिखलात ऊन!" डोमाजी म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

दलदल वाळली. चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. चैत्रात लोकांनी जमीन मोकळी करायला वाळका लव्हाळा पेटवून दिला. वरचा जाळ दुपारपर्यंत विझलाही. दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन गेले, तर जमीन पायाला चटके देत होती. आग खाली उतरली होती. ज्वाळा नाही, ठिणगी नाही, भेगाभेगांतून नुसता धूर. एका घरचा बैल वरचा पापुद्रा फुटून गुडघाभर आत गेला आणि खुरं भाजून घेऊन लंगडत घरी आला. लेकरं खोकून खोकून निळी पडायची. मृग लागला, ढग तलावापर्यंत आले, धुराच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं आणि आल्या पावली परत गेले, असं म्हणतात.

आग खालच्या खाली सरकत भिवराच्या झोपडीपाशी आली. डोमाजीनं निरोप धाडला की वरच्या अंगाला दुसरी झोपडी बांधून देतो. ती स्वतः त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"झोपडी नोको मले. दलदलीचं दार उघड. पानी आत गेल्याबिगर हे आग विझत नाई."

"भिवरे, तलावात पानी उरलं केवढं? थ्या पान्यावर साऱ्या गावचे पऱ्हे जगवाचे हायेत. राखेले पानी पाजू का मी?"

धानाची कोवळी रोपं जगवायची होती, हे खरं होतं. आणि दलदल मरत होती, हेही खरं होतं. पण दलदल कोणामुळे मरत होती ते कोणी बोललं नाही. तिनं एकेका घराकडे पाहिलं. एकेक दार लागलं.

तेव्हा भिवरानं पदर डोक्याला घट्ट बांधला, जिथून सगळ्यात दाट धूर निघत होता तिथं जाऊन बसली, आणि शिव्या द्यायला लागली.

पहिल्या दिवशी डोमाजीला दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या सात पिढ्यांना. तिसऱ्या दिवशी घराघराचं नाव घेऊन, एकही घर न गाळता. चौथ्या दिवशी दाराआड उभ्या राहून ऐकणाऱ्या बायकांना. पाचव्या दिवशी पाळीवरच्या देवाला, सहाव्या दिवशी सूर्याला. खालून जमीन तापत होती, ती थोडी थोडी आत रुतत होती, पण आवाज काही बसला नाही. सातव्या दिवशी तिनं स्वतःला शिव्या घातल्या. "शिळा बसवली थ्याच दिवशी फोडाले पायजे होती मी! चटया आपटत बसली, रांड मी!" हे म्हणताना ती रडली, आणि तिला रडताना गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा शिळेला लाज वाटली आणि ती मधोमध तडकली, असं म्हणतात. दगडाला लाज वाटली. डोमाजीला वाटली नाही. कोणी असंही सांगतं की बायका मुसळं आणि कुऱ्हाडी घेऊन पाळीवर चढल्या, आणि पुढं महिनाभर त्यांच्या तळहातांना फोड होते. दोन्ही खरं असेल.

पाणी सुटलं. तीन दिवस दलदल पाणी पीत होती आणि वाफेनं गाव दिसेनासं झालं होतं. वाफेतून भिवराचा आवाज येतच होता. वाफ निवळली तेव्हा आग विझली होती, आणि भिवरा नव्हती. पऱ्हे वाळून गेले. त्या वर्षी धान झालं नाही, गावानं कंद खाऊन दिवस काढले, आणि त्यात दोन म्हातारी माणसं गेली. हे झाकून ठेवणारा गोष्ट सांगत नाही, थापा मारतो.

दलदलीतून अजून बुडबुडे येतात. बुडबुडा फुटला की आमच्याकडे म्हणतात, माय काहीतरी बोलली. ती काय बोलली असेल ते लेकरांना सांगत नाहीत.

तेव्हापासून दरसाल मृगाच्या पहिल्या दिवशी गावप्रमुखानं दलदलीचं दार आपल्या हातानं उघडायचं, मग गुडघाभर चिखलात मान खाली घालून उभं राहायचं, आणि गावातल्या बायकांनी भिवरामायच्या नावानं त्याला शिव्या द्यायच्या. सुरुवात सगळ्यात म्हातारीनं करायची. त्यानं उलटून बोलायचं नाही, पाय धुवायचे नाहीत, चिखलानिशी घरी जायचं. पाटील उभे राहिले, आता सरपंच उभे राहतात. एकानं एकदा तब्येतीचं कारण सांगून पाहिलं. बायकांनी त्याला खाटेसकट आणला.

पण अलीकडे बायका अडखळायला लागल्या. दार वेळेवर उघडतं, आग कोणी लावत नाही, तरी चिखल पौषातच भेगाळतो, काठचा वेखंड पिवळा पडतो, आणि उन्हानं तर ताळच सोडला आहे. मागे एका वर्षी पार्बताबाईनं, नव्वदीच्या म्हातारीनं, तोंड उघडलं आणि मिटलं. चिखलात उभ्या असलेल्या सरपंचाकडे बघून म्हणाली, "ह्या पोराचं का चुकलं? ज्यायनं आभाळ तापवलं थ्यायले आना इथं."

ते कोण, कुठल्या गावचे, हे कोणालाच सांगता येईना.

त्या वर्षापासून चिखलात सरपंचाच्या उजव्या हाताला एक जागा मोकळी सोडतात. पहिली शिवी त्या जागेला देतात आणि शेवटचीही. दिवस मावळतो तरी बायकांच्या शिव्या संपत नाहीत. त्या जागेवर अजून कोणी येऊन उभं राहिलेलं नाही.