आवळण्याच्या दिशेचा ठोका

एकदा लोखंड कातायच्या एका जुन्या यंत्राचा, लेथचा, चक असा काही अडून बसला, की रेवणसारख्या धिप्पाड माणसालाही तो दाद देईना.

रेवण हा अप्पांचा शिष्य. अप्पांचे आयुष्य लोखंड कातण्यात गेले होते आणि आपली विद्या ते आता रेवणच्या हाती सोपवत होते. शेजारच्या गावाचा पाण्याचा पंप दुरुस्तीला आला होता. त्याचे कवच एवढे मोठे, की काम पकडणाऱ्या चकाच्या जबड्यांत ते मावत नव्हते. चक काढून तिथे रुंद तबकडी बसवणे भाग होते. चक लेथच्या दांड्यावर आट्यांनी बसलेला असतो. डबीचे झाकण फिरवावे तसा तो सुटायला हवा होता.

रेवणने दांडा गिअरमध्ये अडकवला, जबड्यांत पहार धरली, तिच्यावर लांब पाईप चढवला आणि सारे बळ एकवटून रेटा दिला. लेथच्या पोटात कर्रकन आवाज झाला.

"थांब!" अप्पा ओरडले. "गिअरचा दात मोडला तर लेथ गेला आणि गावाचं पाणीही गेलं. तो पाईप काढ आधी."

अप्पांनी चकामागच्या फटीत पातळ तेल सोडले आणि ते मुरू दिले. मग लहानशी हातोडी घेऊन पहारीच्या टोकावर त्यांनी नेमका ठोका मारला. तोही चक आणखी घट्ट होईल अशा दिशेने!

"अप्पा, ही तर आवळायची बाजू!"

"ठाऊक आहे मला."

आणखी एक ठोका. रेवण वाकून पाहू लागला. फटीतल्या तेलात तांबूस भुकटी उतरत होती. आता अप्पांनी बाजू बदलली आणि सुटण्याच्या दिशेने तसाच आखूड ठोका दिला. चक टणकन वाजला आणि सरकला! खाली फळी ठेवून रेवणने तो नुसत्या हातांनी फिरवून उतरवला.

"एवढ्या रेट्याला बधला नाही, आणि उलट्या ठोक्याने कसा सुटला?"

अप्पा आटे पुसत म्हणाले, "तुला वाटलं, तो हट्टाला पेटलाय. अरे, लोखंड कातताना प्रत्येक काप त्याला थोडा आवळत जातो. इतकी वर्षं इमानानं राबला, म्हणून तो घट्ट झाला. वर गंजानं धरलं. त्याला एकदम उलटं फिरवू गेलास, तर तो आणि तू, दोघं मोडाल. ज्या बाजूला जायची त्याला सवय आहे, तिकडे आधी केसभर जाऊ दे. तेवढ्यात गंजाची पकड तुटते. मग त्याला वळवता येतं."

रेवणने रुंद तबकडी उचलली.

इतक्यात पंपवाल्या गावचा मल्लिनाथ दारातूनच गरजत आला, "सकाळपासून काय करताय तुम्ही? बायामाणसं घागरी घेऊन बसलीत तिकडे!"

काम किती अवघड आहे, हे सुनावायला रेवणने तोंड उघडले. पण त्याची नजर फळीवर उतरवलेल्या चकावर गेली.

"खरं आहे, मल्लिनाथकाका," तो म्हणाला. "पाण्यावाचून गावानं किती वेळ कळ काढायची? उशीर झालाच आहे."

मल्लिनाथ दारातच घुटमळला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने घाम पुसला आणि खालच्या आवाजात विचारले, "मी काही हातभार लावू का?"

रेवणने त्याला पंपाच्या कवचाची दुसरी बाजू धरायला सांगितली.