रेघ की टिंब

"आणि बारा इंची घेतली तर, सर?"

मुजावर सर अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली. फाटकात डॉक्टर केतकी शिरगुप्पे उभी होती. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्यात मोबाइल.

"आधी आत तरी ये."

ती आली, बाजेवर टेकली आणि पुन्हा सुरू झाली. आठ इंची दुर्बिणीचा आरसा किती उजेड गोळा करतो, बारा इंची किती, सगळं तिला तोंडपाठ होतं.

केतकी दातांची डॉक्टर. सांगलीत तिच्या हलक्या हाताचं नाव होतं. कॉलेजात मुजावर सरांनीच तिला फिजिक्स शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर सर आटपाडीकडच्या माळावर घर बांधून राहिले. का, तर इथलं आभाळ काळंभोर असतं. त्यांनी काढलेले ताऱ्यांचे फोटो बघूनच केतकीला वेड लागलं.

पण दुर्बीण घेताना तिनं सरांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिनं सगळं वाचून काढलं होतं. सगळे व्हिडिओ पाहिले होते.

आठ इंची दुर्बीण घरी आली, तशी ती प्रत्येक पेशंटला सांगत सुटली. आ करून बसलेल्या माणसाला ऐकून घेण्यावाचून इलाज नसतो. मृगातल्या तेजोमेघाचा फोटो लावायचा म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर तिनं भली मोठी चौकटसुद्धा ठोकून ठेवली.

चौकट अजून रिकामी होती. आधी लोक विचारायचे. हल्ली कुणी विचारत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागायचं.

"हे बघा ना." तिनं मोबाइल पुढे धरला.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. काळ्या आभाळात पांढऱ्या रेघाच रेघा.

"शेवया छान पडल्यात."

"सर!"

"बरं, राहिलं."

"म्हणून म्हणते, दुर्बीणच लहान पडतेय. उद्या बारा इंची मागवते. आणि तरीही नाही जमलं, तर..."

"तर?"

"सगळं विकून टाकणार. वर बघायचंच बंद."

हे ती हसत म्हणाली. शेवटी मात्र आवाज जरा चिरकला, आणि ती उगाचच मोबाइलची काच ओढणीनं पुसायला लागली.

सर टरफलं झटकून आत गेले आणि कोरा कागद, पेन आणि लाकडी पाट घेऊन आले. पाटावर त्यांनी कागद ठेवला.

"एक टिंब काढ."

"काय?"

"टिंब. आणि मी सांगेपर्यंत पेन उचलू नकोस."

केतकीनं पेन टेकवलं. सरांनी कागदाचं टोक चिमटीत धरलं आणि अगदी सावकाश आपल्याकडे ओढायला लागले.

"उचल आता. काय काढलंस?"

"रेघ."

"मी टिंब सांगितलं होतं."

"पण तुम्ही कागद ओढलात!"

"हां..." सरांनी खिशाला हात घातला. "मग जाड पेन देऊ?"

केतकीनं कागदावरची रेघ पाहिली, मग मोबाइलमधल्या रेघा.

...

"पुन्हा," सर म्हणाले.

तिनं पेन टेकवलं. कागद सरकायला लागला. या वेळी तिचा हातही सरकायला लागला, कागदाबरोबर, त्याच्याच चालीनं. पाटाच्या कडेशी येऊन दोघं थांबले.

टिंब. एकच, गोल.

"आभाळ सरकतंय," ती हळूच म्हणाली. "दुर्बिणीला त्याच्याबरोबर जाता आलं पाहिजे. नीट, न डगमगता. म्हणजे माझा माउंट, दुर्बिणीखालचा तो स्टँड..."

"कुठला आहे?"

"दुर्बिणीबरोबर आला तोच. साधा वारा सुटला तरी लटपटतो."

"माउंटबद्दल काही वाचलं नव्हतंस?"

केतकीनं मान खाली घातली. "तेवढंच प्रकरण सोडलं होतं, सर. फार कंटाळवाणं होतं."

सर इतक्या मोठ्यांदा हसले की आतून रझियाकाकूंनी विचारलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही. वीस वर्षांनी खरं बोलली."

केतकीलाही हसू आवरेना.

दिवस मावळला. सरांनी तिला खोलीतून आपला माउंट आणायला लावला. कसलं ते धूड! काळं, ओबडधोबड, खाली जाड लोखंडी पाय. वाटेत दोनदा टेकवावं लागलं. अंगणापलीकडच्या माळावर तो उभा राहिला, तेव्हा तिचा घामटा निघाला होता.

मग ध्रुव शोधायचा, कारण आभाळ त्याच्याभोवतीच फिरतं, आणि माउंटचा दांडा नेमका त्याच्याकडे रोखायचा. पहिल्यांदा चुकलं. पुन्हा चुकलं.

"तुम्ही लावून द्या ना, सर."

सर शेंगा खात होते. त्यांना बहुधा ऐकू आलं नाही.

अखेर ध्रुव जागेवर आला. सरांनी खिशातून काढावी तशी काखेतून एक दुर्बीण काढून तिच्यापुढे धरली.

"एवढीशी?" केतकी म्हणाली. "माझा थर्मास हिच्यापेक्षा मोठा आहे."

"मग थर्मास लाव."

तिनं निमूटपणे दुर्बीण बसवली. मागे गाडीतून आणलेला आपला कॅमेरा जोडला. पूर्वेला मृग चांगला वर आला होता. त्यातल्या बाणाच्या खालच्या ताऱ्यांवर तिनं नेम धरला, बटण दाबलं आणि चटकन उठली.

"कुठे?"

"नाही, म्हटलं जरा..."

"बस."

ती बसली. माउंट गुरगुरत होता, मांजर झोपेत गुरगुरावं तसा. वारा आला. तिनं श्वास रोखला. माउंट ढिम्म. तिला वाटलं, जाऊन एकदा बघावं, स्क्रू पिळावा, काहीतरी करावं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

...

कितीतरी वेळ ती तशीच बसून होती. नंतर नंतर तर आपण कशाची वाट बघतोय हेही तिच्या डोक्यातून गेलं. वर मृग होता, खाली माळ होता, मध्ये ते इवलंसं यंत्र आभाळाचा हात धरून चालल्यासारखं सरकत होतं.

कॅमेऱ्यात खट्ट वाजलं.

केतकी धावली. पडद्यावर तारे होते. मोहरीच्या दाण्यांसारखे, एकूण एक गोल. आणि त्यांच्या मधोमध पंख पसरल्यासारखा गुलाबी धूसर ढग.

तिनं अशी किंकाळी फोडली की माळावरच्या टिटव्या ओरडत उडाल्या. रझियाकाकू उलथनं घेऊनच बाहेर आल्या.

"काकू, बघा! आला! आला हो!"

काकूंनी पाहिलं. "अगं बाई, हे वर असतं?" त्या म्हणाल्या आणि भाकरी करपेल म्हणून पुन्हा आत पळाल्या.

केतकीनं डोळे पुसले. तिनं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग सरांकडे वळली. तिच्या आवाजात आता घाई नव्हती.

"सर, उद्याची ऑर्डर रद्द. तुम्ही सांगा, मी दुर्बीण कुठली घेऊ?"

"उचलता येईल ती."

"आणि माउंट?"

सर चप्पल चाचपत उठले. आतून भाकरीचा वास येत होता.

"उचलवणार नाही तो."