राहीच्या माळा आणि डोहातलं गिऱ्हाईक

या, जवळ सरका. ऐका हं. नदीकाठच्या एका गावात राही नावाची एक बाई होती. घरात ती आणि तिची सासू धोंडाई, दोघीच. राही माळा ओवायची. कसल्या? तर रानातल्या लालभडक गुंजांच्या, रिठ्याच्या काळ्या बियांच्या, चुलीत भाजलेल्या मातीच्या मण्यांच्या. माळा मोठ्या देखण्या. पण विकायच्या कुठे? दुकान नव्हतं. बाजारात बसायला पट्टी द्यावी लागायची, तीही परवडत नव्हती.

मग राहीनं काय केलं? आधी स्वतःच एक माळ घातली आणि पाणवठ्यावर गेली. बाया म्हणाल्या, "अगं, कुठून घेतलीस?" दोन-चार माळा खपल्या. मग तिनं गावोगाव फिरणाऱ्या कासारणीला एक माळ अशीच दिली. म्हणाली, "आक्का, बांगड्या भरताना ही गळ्यात असू दे." आणखी थोड्या खपल्या. मग तिसरी युक्ती. बाजाराची वाट डोहावरून जायची. तिथल्या उंबराच्या फांदीला तिनं एक माळ टांगली. येणारा-जाणारा बघेल म्हणून.

धोंडाई म्हणाली, "पोरी, त्या डोहात आसरा आहेत. पाण्यातल्या बाया त्या. भर दुपारी तिथे चिमणीसुद्धा उतरत नाही."

"फांदीलाच तर टांगलीय, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी बघते तर माळ नाही. फांदी मात्र ओलीचिंब. आणि पावसाचे दिवस नव्हते, बरं का! राहीनं दुसरी टांगली. तीही गेली. या खेपेला मातीत ओली पावलं उमटली होती. पाण्यातून उंबराकडे येणारी. परत जाणारी नव्हतीच. राहीनं वर बघितलं नाही. तिसरी माळ टांगली आणि झपझप घरी आली.

मग बाजाराचा दिवस आला. ऊन डोक्यावर होतं. वारा पडला होता. राही उंबराखाली पोचली आणि वरून हाक आली, "राही..."

फांदीवर एक बाई बसलेली. केसांतून पाणी ठिबकत होतं, पण खाली थेंब पडत नव्हता. गळ्यात तिन्ही माळा. डोहातून आणखी सहा तोंडं हळूच वर आली.

"माळा आवडल्या," ती म्हणाली. "पण दोरा पाण्यात कुजतो. तुझ्या केसांत ओवून दे. सातजणींना."

राहीच्या अंगावर काटा आला. ज्याचा केस आसरांच्या हाती गेला, तो माणूस मागोमाग पाण्यात जातो, हे तिला ठाऊक होतं. पळावं, तर पाणी गुपचूप घोट्यांपर्यंत चढलेलं.

ती म्हणाली, "बायांनो, केस नाही द्यायची. केस दिला की मी खाली येणार. मग तुम्हाला बघणार कोण?"

आसरा एकमेकींकडे बघू लागल्या.

"माणसं तुम्हाला भिऊन पळतात. दागिना घालायचा आणि कुणी बघायचंच नाही, मग त्यात काय मजा? दोरा कुजू दे. मी दर बाजाराला नव्या माळा आणीन. इथे उभी राहीन आणि कुणाला काय शोभतं ते नीट बघून सांगेन."

पाणी गुडघ्यांपर्यंत आलं. मग झाडावरची खाली उतरली, अगदी राहीच्या समोर. डोळ्यांना पापण्या नव्हत्या.

"सांग," ती म्हणाली.

राहीनं नजर हटवली नाही. हात पुढे करून तिनं एक माळ सरळ केली. तिचा गळा थंडगार होता. "गुंजांची तुला खुलते गं," राही म्हणाली. "काळी मात्र त्या पाण्यातल्या थोरलीला दे."

आणि काय सांगू, ती आसरा लाजली! एखाद्या नव्या नवरीसारखी. पाणी सरसर उतरलं.

राहीनं शब्द पाळला. दर बाजाराला ती डोहावर जायची. वाटसरूंना लांबून पाण्याखाली लाल-काळं काहीतरी चमकताना दिसायचं. मग गावोगाव बोभाटा झाला, आसरा घालतात त्या माळा राहीच्या! बाया दाराशी येऊन माळा मागू लागल्या. घरात सुबत्ता आली. त्या डोहात पुन्हा कुणी बुडालं नाही. धोंडाई सुखात राहिली, राही सुखात राहिली, पाण्यातल्या बायाही सुखात राहिल्या.

झालं. मिटा आता डोळे. मी आहे इथेच.