बोनीचं अर्धं मिनिट

“मग त्या जागी तुम्ही चुकलात, की टेपच खराब झालीय?”

पणजीतल्या एका लहानशा वाद्यसंग्रहालयात, भर दुपारी, मृण्मयी केंकरेनं हे विचारलं. ती ट्रम्पेट वाजवायची. नुकतीच परदेशातून बक्षीस घेऊन आली होती.

समोर बाकावर लिओपोल्द कुलासो बसले होते. वय पंच्याऐंशी. एके काळी मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा जॅझ ऐकायला लोक दाराशी उभे राहत. आता दात गेले, वाजवणं सुटलं. दुपारी मात्र न चुकता इथे येत. काचेमागची वाद्यं उन्हात डुलकी लागल्यासारखी दिसत. म्हाताराही त्यांच्यातलाच वाटे.

“कुठल्या जागी?”

“तुमच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये. तुम्ही आणि पियानो, दोघंच. मधे अर्धं मिनिट काहीच नाही. मी ती जागा भरून काढलीय. वाजवू?”

“वाजव, बाय.”

तिनं वाजवलं. स्वर असे सुटले की काचा थरथरल्या. कुठे श्वासाचीही फट नव्हती.

“सुंदर,” म्हातारा म्हणाला. “पण ती जागा बोनीची.”

“कोण बोनी?”

“पियानोवर होता तो. तीस वर्षं एकत्र वाजवलं आम्ही. त्याचा हात लुळा पडत चालला होता… कुणाला बोलला नव्हता. त्या दिवशी त्याची एकट्यानं वाजवायची जागा आली, आणि बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली.”

“मग तुम्ही सांभाळून घ्यायचं ना! लगेच शिरायचं मधे!”

“तो माझ्याकडे बघत होता…”

“मग?”

“मी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. ऐकत बसलो.”

बक्षिसाची गोष्ट मृण्मयी सांगणार होती, ती राहिली.

तिनं पुन्हा ट्रम्पेट उचलला. तीच धून, पहिल्यापासून, या वेळी सावकाश. ती जागा आली. तिनं ट्रम्पेट खाली घेतला.

दालन निःशब्द झालं. काचांवरचं ऊन पाण्यासारखं हलत होतं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. चपलेतला अंगठा जमिनीवर हळूहळू ताल धरत होता. मधेच त्यानं मान हलवली, जणू कुणी फार गोड हरकत घेतली होती…

झालं असेल अर्धं मिनिट, असं वाटून मृण्मयीनं ट्रम्पेट ओठांशी नेला.

म्हाताऱ्यानं डोळे न उघडताच तिच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब… तो वाजवतोय अजून.”